उपग्रहाचा रेडिओ घ्यावा काय?



रिसोड तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे : "माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्या मोटारीत उपग्रहावरून चालणारा रेडिओ आहे. शेकडो मैल गेले तरी स्टेशन बदलावे लागत नाही, खरखर नाही. दिवाळीला येताना तो तसे दोन सेट आणतो म्हणतो. एक घरी ठेवायला आणि एक गाडीत बसवायला. आपल्याकडे चालतील काय?" कारंजा भागातील एका ताईंचा प्रश्न ह्याच्या जवळपासचाच आहे. त्यांच्या गावी एकजण जुना 'वर्ल्डस्पेस'चा सेट स्वस्तात विकतो आहे. महिन्याची वर्गणी आता नाही, म्हणून फुकटात गाणी ऐकायला मिळतील, असे तो सांगतो. घ्यावा का?

दोघांनाही माझे उत्तर 'घेऊ नका' असेच आहे. पण नुसते 'नको' म्हणून भागत नाही. हा पैसा खताबियाण्याच्या पैशातून जाणार आहे, तेव्हा 'का नको' हे समजून घेतले पाहिजे. शिवाय उपग्रहावरचा रेडिओ आपल्या घरी मुळीच येत नाही असेही नाही. तो येतो, आणि तोही बिनवर्गणीचा. फक्त त्याचा सेट वेगळा.

प्रथम हा प्रकार काय ते पाहू. पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या माथ्यावर सोडलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो. त्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो. जमिनीवरून त्याच्याकडे कार्यक्रम पाठवायचा आणि त्याने तो खाली अर्ध्या खंडावर सोडायचा, एवढेच त्याचे काम. मनोऱ्यावरून निघणाऱ्या एफ.एम.च्या लहरी पन्नास-साठ किलोमीटरनंतर थकतात. उपग्रहाला ही अडचण नाही. वाशीमला जे ऐकू येईल तेच कन्याकुमारीला.

'वर्ल्डस्पेस'ची कथा मुळापासून सांगण्यासारखी आहे. नोआ समारा नावाचे इथिओपियात जन्मलेले एक वकील. आफ्रिकेत एड्सची साथ पसरत होती आणि खेड्यापाड्यांत तिची माहिती पोहोचत नव्हती. ती उपग्रहावरून थेट रेडिओवर पोहोचवावी ह्या कल्पनेतून त्यांनी 1990 साली ही कंपनी काढली. 1998 च्या ऑक्टोबरात 'आफ्रिस्टार' हा उपग्रह आफ्रिकेसाठी, आणि 21 मार्च 2000 रोजी 'एशियास्टार' आशियासाठी सोडला गेला. हिताची, जे.व्ही.सी., पॅनासॉनिक, सान्यो अशा नावाजलेल्या कारखानदारांनी सेट बनविले. आपल्याकडे बंगलोरला कार्यालय झाले. पुढे वर्गणी सुरू झाली. शास्त्रीय संगीताची 'गंधर्व', जुन्या हिंदी गाण्यांची 'फरिश्ता' अशा वाहिन्या होत्या, आणि आवाज इतका स्वच्छ की शहरातली दर्दी मंडळी त्यावर लुब्ध झाली. भारतात चार लाखांहून अधिक वर्गणीदार झाले, म्हणजे जगात ह्या कंपनीचे सर्वांत जास्त गिऱ्हाईक आपल्याच देशात होते.

ज्या खेडुतासाठी कल्पना निघाली तो मात्र त्यात फारसा नव्हता. सेट महाग, वर वर्गणी, आणि छोटी ताटली उपग्रहाकडे नेमकी रोखून ठेवायची. गड्याला शेतात नेता येईल असे ते साधन नव्हते.

ऑक्टोबर 2008 मध्ये कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 31 डिसेंबर 2009 रोजी भारतातील सेवा बंद झाली. ज्यांनी पुढची वर्गणी आगाऊ भरली होती त्यांना पैसे परत मिळण्याची आशा राहिली नाही.

येथे एक बारकावा आहे, आणि सेट निवडताना तोच कामाचा आहे. सुरुवातीच्या काही सेटांत उपग्रहाबरोबर एफ.एम., मध्यमलहरी आणि लघुलहरीही होत्या. कंपनी बुडाली तरी त्या घरात निदान एक चांगला रेडिओ उरला. नंतरचे काही सेट मात्र निव्वळ उपग्रहाचे होते. 1 जानेवारी 2010 ला सकाळी त्या घरांत फक्त एक मुका डबा शिल्लक होता. कारंज्याच्या ताईंनी ह्यावरून ओळखावे : त्यांना दाखविलेल्या सेटवर एफ.एम. किंवा एम.डब्ल्यू. ही अक्षरे नसतील तर त्याची किंमत भंगाराची. वर्गणी नाही हे विकणारा खरेच सांगतो; पण पाठविणाराच उरला नाही, तर वर्गणी घेणार कोण?

कुठलाही सेट घेताना दुकानदाराला 'ह्यात काय काय आहे' हे आपण विचारतोच. त्याच्या आधी विचारावे, 'ह्याला पाठवितो कोण?' एकाच कंपनीच्या प्रसारणाला बांधलेला सेट हा तिच्या नशिबालाही बांधलेला असतो. संकरित बियाणे दर वर्षी त्याच कंपनीकडून घ्यावे लागते, पण ती बंद पडली तर शेत पडीत राहत नाही, दुसऱ्याचे बियाणे पेरता येते. कुलूपबंद सेटात दुसऱ्याचे पेरता येत नाही.

आता अमेरिकेच्या भाच्याचे. तिकडे 'एक्सएम' ही सेवा 2001 साली आणि 'सिरियस' 2002 साली सुरू झाली. 2008 मध्ये दोन्ही एक झाल्या. तिचे उपग्रह उत्तर अमेरिकेवर प्रसारण करतात. शिवाय उंच इमारतींच्या शहरांत उपग्रह आडोशाला जातो, म्हणून तिथे जमिनीवरही जोड-प्रक्षेपक बसविलेले आहेत. गाडीच्या टपावर लाडवाएवढा एरियल पुरतो तो ह्या सगळ्या सरंजामामुळे. आपल्या आकाशात ते प्रसारण नाही. तो सेट इथे आणला तर उपग्रहाचा भाग आंधळाच राहणार. भाच्याला प्रेमाने कळवावे की बाबा, त्याऐवजी एखादी चांगली बॅटरी आण.

भारतात मोटारीत चालणारा उपग्रह रेडिओ आजमितीस नाही. कोणी विकत असेल तर तो दुसरेच काहीतरी विकतो आहे असे समजावे.

घरी मात्र उपग्रहाचा रेडिओ आहे, आणि पुष्कळांच्या छपरावर त्याची ताटली आधीच लागलेली आहे. दूरदर्शनची 'फ्री डिश'. ती 16 डिसेंबर 2004 रोजी 'डी.डी. डायरेक्ट प्लस' ह्या नावाने सुरू झाली. लोक तिच्यावर मालिका आणि कुस्त्या पाहतात. पण त्याच पेटीतून आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्या येतात, त्यात मराठीही आहे. रिमोटवर 'रेडिओ' किंवा 'टीव्ही/रेडिओ' असे बटण असते, ते दाबले की यादी उघडते. किती घरांत हे बटण एकदाही दाबले गेलेले नाही! दरमहा एक पैसा नाही. ताटली, पेटी आणि वायर मिळून एकदाच साधारण दीड ते दोन हजारांचा खर्च.

ताटली लावायला येणारा माणूस मिळत नसेल तर दिशा सांगून ठेवतो. फ्री डिशचा उपग्रह 'जीसॅट-15' आहे, 93.5 अंश पूर्व रेखांशावर. वाशीमहून पाहता तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 60 अंश वर येतो. म्हणजे त्या दिशेला गोठ्याचे छप्पर किंवा लिंबाचे झाड फार जवळ नसले म्हणजे झाले. ताटली मात्र 60 अंश वर तोंड केलेली दिसणार नाही, त्याहून बरीच उभी दिसेल. तिची घडणच तशी असते, तेव्हा चुकली म्हणून उगाच वाकवू नये. पेटीच्या पडद्यावर 'सिग्नल' आणि 'क्वालिटी' असे दोन पट्टे येतात. दुसरा पट्टा भरला की बोल्ट कसावा. सिग्नल भरलेला आणि क्वालिटी शून्य, म्हणजे ताटली आकाशात भलतीकडेच पाहते आहे.

टीव्ही न लावता नुसते ऐकायचे असल्यास पेटीच्या मागच्या लाल आणि पांढऱ्या भोकांतून वायर काढून भजनी मंडळाच्या एम्प्लिफायरला किंवा साध्या स्पीकरला जोडता येते. काही पेट्यांना 12 व्होल्टची बॅटरीही चालते. पेटीवर तसे लिहिलेले असेल तरच जोडावी, आणि धन-ऋण टोके दोनदा तपासून जोडावी. फवारणीच्या बॅटरी-पंपाची बॅटरी बहुधा 12 व्होल्टचीच असते. भारनियमनाच्या रात्री तिचा असाही उपयोग होतो.

ह्या साधनाची एक खोट आहे, आणि ती नेमकी शेतकऱ्याच्या मुळावर येणारी आहे. फ्री डिशच्या लहरी फार आखूड असतात. जोराचा पाऊस आला की थेंब त्या शोषून घेतात आणि पेटी 'नो सिग्नल' म्हणून मोकळी होते. म्हणजे ज्या अर्ध्या तासात हवामानाची बातमी हवी, त्याच अर्ध्या तासात ती बंद. (वर्ल्डस्पेसच्या लहरी लांब होत्या, त्यांना पावसाचा त्रास पुष्कळ कमी होता. चांगली गोष्ट होती, पण गेली.) त्यात वीज कडाडत असताना ताटलीची वायर घरात पेटीला लागलेली ठेवणे धोक्याचे. ढग दिसताच, कडकडाट सुरू होण्यापूर्वीच, पेटीचा प्लग आणि ताटलीची वायर दोन्ही काढावीत.

म्हणून माझे मत असे आहे की, छपरावर ताटली असली तरी घरात सेलवर चालणारा एक साधा ट्रान्झिस्टर हवाच. वादळात वीज जाते. काही तासांनी मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरीही बसते, मग हातातला महागडा फोन नुसता घड्याळापुरता उरतो. ट्रान्झिस्टरला ह्यातले काही लागत नाही.

आणि त्या साध्या रेडिओतही उपग्रह असतोच, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ऐंशीच्या दशकात 'इन्सॅट' उपग्रह आल्यापासून आकाशवाणीची केंद्रे दिल्ली-मुंबईचे कार्यक्रम उपग्रहावरून उतरवून घेऊ लागली. म्हणजे महागडे काम केंद्राने आपल्यासाठी केलेलेच आहे. शेवटचा पन्नास-शंभर मैलांचा प्रवास तेवढा जुन्या लहरींवरून होतो.

रेडिओ आणि शेती ह्यांचे नाते आपल्या राज्यात जुने आहे. 1956 साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने 'रेडिओ ग्रामीण मंडळां'चा प्रयोग झाला, सुमारे 150 गावांत. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि शंका केंद्राला कळवीत. तमिळनाडूत तंजावरकडे ए.डी.टी. 27 ह्या भाताच्या वाणाला शेतकरी 'रेडिओ भात' म्हणू लागले, कारण त्याची माहिती त्यांना रेडिओवरूनच मिळाली होती. 15 फेब्रुवारी 2004 पासून 'किसानवाणी' सुरू झाली. एके काळी रेडिओ ठेवायला पोस्टात फी भरून लायसन्स काढावे लागे. 1985 पासून तीही कटकट गेली.

तर ट्रान्झिस्टर कसा निवडावा? दुकानात डब्यावर 'चौदा बँड' असे मोठ्या अक्षरांत छापलेले सेट असतात. त्यात दिवे, पेनड्राईव्ह, ब्लूटूथ सगळे असते, आणि मध्यमलहरी विचाराल तर बहिऱ्या. दोनच पट्टे पाहावेत : एम.डब्ल्यू. आणि एफ.एम. दुकानात एफ.एम. खणखणीत लागते म्हणून फसू नये. दुकान शहरात असते, आपले घर शेतात. शक्य झाल्यास शेजाऱ्याचा चालू सेट एक दिवस मागून आणावा आणि आपल्या घरात सकाळी, दुपारी व रात्री फिरवून पाहावा. अकोला वाशीमच्या उत्तरेस सरळ रेषेत सत्तरएक किलोमीटरवर आहे. तेथील एफ.एम. चढावरच्या घरात लागेल आणि नाल्याकाठच्या घरात गुरगुरेल, असे एकाच गावात होऊ शकते. 28 एप्रिल 2023 रोजी देशात 91 ठिकाणी लहान, 100 वॉटचे एफ.एम. प्रक्षेपक एकदम सुरू झाले. त्यांचा पल्ला थोडा आहे, तेव्हा काटा सावकाश ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवूनच पाहावे. मध्यमलहरीवरचे काही लहान जुने प्रक्षेपक आकाशवाणीने अलीकडे बंद केले आहेत. म्हणून आजोबांच्या आठवणीतला आकडा धरून सेट घेऊ नये, आज काय लागते ते पाहून घ्यावा.

मध्यमलहरीसाठी एरियल ओढावा लागत नाही. सेटच्या आत आडवी काळी कांडी असते, तिच्यावर तारेचे वेटोळे. त्या कांडीची लांब बाजू केंद्राकडे असली म्हणजे आवाज भरदार येतो, टोक केंद्राकडे गेले की मरतो. नागपूर आपल्याहून ईशान्येला, थोडे पूर्वेकडे कलून, सरळ रेषेत सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरवर आहे. म्हणजे बहुतेक सेटांचे तोंड किंवा पाठ त्या दिशेला करून ठेवावी. नुसता सेट फिरवून जे साधते त्यासाठी लोक नवा सेट आणतात!

खरखर येते तिचे कारण पुष्कळदा घरातच असते. मेन स्विच बंद करून सेलवर रेडिओ लावा. खरखर गेली तर एकेक बटण चालू करीत जा. स्वस्तातला एल.ई.डी. दिवा किंवा मोबाईलचा चार्जर, ह्यांपैकी चोर सापडतो.

आणि 'टिक्... टिक्...' असा सेकंदा-सेकंदाला ठोका पडत असेल तर तो झटका मशीनचा. आपल्या जिल्ह्यात रोही आणि रानडुकरांपायी बांधोबांध झटक्याच्या तारा झाल्या आहेत. तार धड असेल तर ठोका फारसा ऐकू येत नाही. तो जोरात येतो तेव्हा तार कुठेतरी गवताला टेकलेली असते, किंवा खुंटीवरचे चिनी मातीचे नाहीतर प्लॅस्टिकचे बूच फुटून ठिणगी पडत असते. ट्रान्झिस्टर हातात घ्यावा, मध्यमलहरीवर जिथे कुठलेही केंद्र नाही तिथे काटा ठेवावा आणि तारेच्या कडेकडेने, तारेला न शिवता, चालत जावे. जिथे ठोका सर्वांत मोठा तिथे गळती. ती दुरुस्त झाली की रेडिओही निवळतो आणि रोहीलाही झटका पुरता बसतो. ह्या एका उपयोगासाठी ट्रान्झिस्टरचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

तसाच विजेचा. मध्यमलहरीवर प्रत्येक विजेचा 'कडाड्' असा ओरखडा उमटतो, ढग अजून दिसत नसला तरी. मे-जूनमध्ये दुपारी पेरणीपूर्व कामे चालू असताना बांधावर रेडिओ लावून ठेवावा. ओरखडे विरळ आहेत तोवर वादळ लांब. ते दाट आणि मोठे होऊ लागले म्हणजे बैल सोडून, बायामाणसांना घेऊन पक्क्या घरात जावे, झाडाखाली नव्हे. एफ.एम.वर हे ओरखडे येत नाहीत, म्हणूनही एम.डब्ल्यू.चा पट्टा पाहून घ्या असे म्हणतो. 'दामिनी' हे मोबाईलवरचे साधन विजेची सूचना देते, ते जरूर ठेवावे. पण फोनला रेंज नसलेल्या वावरात ओरखडा तरी ऐकू येतो.

गाडीचा विषय थोडक्यात संपतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी भाग 11 डिसेंबर 2022 पासून आणि संपूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता 5 जून 2025 पासून सुरू आहे. त्या वेगाने जाताना एका शहराचे एफ.एम. तासाभरात मागे पडते. मध्यमलहर जास्त टिकते, रात्री तर फार लांबची केंद्रे लागतात. 2017 च्या सुमारापासून आपल्याकडच्या बऱ्याच नव्या मोटारींत 'डी.आर.एम.' नावाचा अंकीय रेडिओ बसवून येतो. आकाशवाणीचे मोठे मध्यमलहरी प्रक्षेपक तसे प्रसारणही करतात, आवाज एफ.एम.सारखा निवळ येतो. हा उपग्रह नव्हे, जमिनीवरचाच आहे. गाडी असेल तर पडद्यावरच्या यादीत ही तीन अक्षरे शोधा. असतील तर पैसे तुम्ही गाडीच्या किमतीत भरलेलेच आहेत. घरासाठी डी.आर.एम.चे वेगळे सेट महाग आहेत आणि दुकानात सहसा मिळत नाहीत. घाई करू नये.

जुन्या गाडीत फोन जोडून आकाशवाणीचे 'न्यूज ऑन एअर' ऐकता येते. त्यावर देशभरातील दोनशेहून अधिक वाहिन्या आहेत. प्रसारण 64 किलोबिटचे असेल तर तासाला सुमारे 29 एम.बी. डेटा जातो, म्हणजे एखाद्या लहानशा व्हिडिओएवढा. फोन नवा घेत असाल तर त्यात एफ.एम. आहे का हेही विचारा. फोनमधील एफ.एम. बंद करून विकू नये अशी सूचना केंद्र सरकारने 2023 च्या एप्रिलमध्ये कारखानदारांना दिलेली आहे. ते डेटाशिवाय चालते, मात्र बहुतेक फोनांत कानाची वायर जोडावी लागते, तीच एरियलचे काम करते.

हवामानाचे पत्रक अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. रेडिओवरचा अंदाज आणि ते पत्रक जुळवून मगच फवारणीचा दिवस धरावा.

सेलचे तेवढे सांगायचे राहिले. हंगाम संपून ट्रान्झिस्टर फळीवर जाणार असेल तर सेल काढून ठेवावेत. पाझरले तर आतल्या पट्ट्या हिरव्या पडून खातात. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीचा सेट घेतला असेल तर महिन्यातून एकदा ती भरावी, नाहीतर ऐन वादळाच्या रात्री ती रिकामी सापडेल.

पुढील आठवड्यात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती गोणपाटावर कशी तपासावी, ह्याविषयी आलेल्या पत्रांना उत्तरे देईन.